खोलीतलं बोलणं

मामाच्या घरात सकाळ व्हायची ती कंपनीच्या बसच्या हॉर्ननं. शिरूरच्या मार्केट यार्डामागं पत्र्याच्या खोल्यांची एक लांब ओळ होती, त्यातल्या दोन खोल्या मामाच्या. बस यार्डाच्या कोपऱ्यावर येऊन थांबली की ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवायचा तो काढायचाच नाही, आणि मामा बुटाची नाडी न बांधताच पळत सुटायचा. रांजणगावच्या एका कंपनीत तो प्रेस मशीनवर होता. मामी डबा घेऊन त्याच्यामागं कोपऱ्यापर्यंत जायची आणि "आवं, ठेचा वायला बांधलाय, डबा आडवा करू नका," हे रोज त्याच्या पाठीला सांगून यायची. मग घरात एकदम शांत व्हायचं. भिंतीपलीकडच्या खोल्यांत बिहारकडचे कामगार राहायचे, ते रात्रपाळी करून त्याच सुमाराला परतायचे. त्यांचा स्टोव्ह भरभरायला लागायचा, मोहरीच्या तेलाचा वास पत्र्याच्या फटीतून आत यायचा, कुणीतरी गाणं लावायचं. मामी खिडकी लावून घ्यायची. "ह्यांच्या तेलाचा वास पार लुगड्याला लागतो," म्हणायची आणि त्याच दमात मला हाक मारायची, "सुनंदे, ऊठ. उन्हं वर आली."

मी उठायची नाही. आतल्या खोलीत गोधडी डोक्यावरून ओढून पडून राहायची. जागीच असायची, झोप लागली असती तर बरं झालं असतं. हॉर्न, स्टोव्ह, मामीची हाक, सगळं ऐकू यायचं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरात चाललंय असं वाटायचं.

आमचं स्वतःचं घर दौंडच्या पलीकडं, भीमेच्या काठाला. आजोबांनी जन्मभर मेंढरांमागं पायपीट केली, आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तरुणपण त्यातच घालवलं. कॅनॉलचं पाणी आलं तशी मेंढरं विकली, ऊस लावला, चार भिंती उभ्या केल्या. पण त्या भिंतींच्या आत आप्पांना कधी नीट झोप लागली नाही. पावसाळा सोडला तर त्यांची वाकळ अंगणातच असायची. वारा आमच्या अंगाला असला की दौंड जंक्शनातल्या गाड्यांच्या शिट्ट्या घरापर्यंत यायच्या, आणि आई भाकरी थापता थापता कुठली गाडी असेल ते सांगायची. खरं का खोटं कुणी तपासायला जात नसे. थंडीच्या दिवसांत चुलीवर हुलग्याची शेंगोळी रटरटायची, तिच्यावर लसणाची फोडणी पडली की आम्ही सगळे न बोलावता चुलीभोवती जमायचो. आमच्या भावकीत बारावी सायन्स पास झालेली मी पहिली मुलगी. गावानं सत्कार केला, आप्पांनी नवा पटका बांधला, आणि शिरूरला मामा आहे म्हणून मला तिथल्या कॉलेजात घातलं. "आमची सुनी डाक्टर न्हाई झाली तर मास्तरीण तरी हुईलच," असं आई भेटेल त्याला सांगायची.

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. कुणी मारलं नाही, फसवलं नाही, नापास झाले नव्हते, कुणावर जीवही जडला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एकदा पुस्तक उघडलं आणि वाचलेली ओळ आत उतरेना. पुन्हा वाचली, पुन्हा उतरेना. मग भाकरी तोंडात नुसती फिरायला लागली. केस विंचरायला हात वर करायचा तर तो हात दगडाचा व्हायचा. केसांच्या जटा झाल्या तेव्हा मामी तेलाची वाटी घेऊन बसली, आणि गुंता सोडवता सोडवता तिचा संताप झाला. "समदं हाय की तुला. खायला हाय, शिकायला हाय. मला सातवीतनं काढली, तेराव्या वर्षी कळशी कमरेला दिली, म्या कवा आथरुणात पडून ऱ्हायले?" तिचं खरंच होतं. त्या खरेपणामुळं तर मला आणखी लाज वाटायची, आणि लाजेनं अंगातलं उरलंसुरलं बळही जायचं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, विकनेस आहे म्हणाले, लाल रंगाचं टॉनिक दिलं.

आप्पा न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं मला बघायला आले. भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. माझ्या उशाशी बसून त्या सोलत राहिले. मग म्हणाले, "कुणी तरास देतंय का? नाव सांग निस्तं." मी मान हलवली. "मास्तर काय बोलला?" नाही. "घरची आठवण येती?" नाही. तसा त्यांचा चेहरा पडला. नाव सांगितलं असतं तर त्या नावाला कसं भिडायचं ते त्यांना ठाऊक होतं. इथं भिडायला कुणीच नव्हतं. जाताना ते काठी विसरले आणि मामा ती घेऊन स्टँडवर धावला, तेव्हा आप्पा किती घाबरलेत ते मला कळलं.

कॉलेजात त्या सुमाराला पुण्याहून एक मानसशास्त्राच्या मॅडम यायला लागल्या होत्या. मृणाल मॅडम. तिशीच्या आतल्या, खांद्याला कापडी पिशवी, एसटीनं यायच्या आणि एसटीनं जायच्या. त्या काहीतरी अभ्यास करत होत्या आणि त्यासाठी निराश झालेल्या मुलामुलींचा एक गट घेऊन दर गुरुवारी त्यांच्याशी बोलणार होत्या. वर्गात प्रश्नांचे कागद वाटले गेले, मी खरं ते लिहिलं, आणि मला बोलावणं आलं. गट कशाला म्हणतात तेही मला माहीत नव्हतं. आम्हाला जागा मिळाली ती जिमखान्यामागची खोली. तिथं खेळाच्या चटया, फाटलेली जाळी आणि एनसीसीच्या लाकडी रायफली ठेवलेल्या असायच्या. बाकीची पोरं त्याला 'येड्यांचा वर्ग' म्हणायची. आम्ही एकेकटे, इकडंतिकडं बघत, मागच्या बाजूनं आत शिरायचो.

पहिल्या गुरुवारी कुणीच बोललं नाही. चटया गोल टाकून बसलो आणि आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत राहिलो. मॅडमही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता त्या व्याख्यान देतील, जिद्द धरा, आईवडलांचे कष्ट आठवा, असलं काहीतरी. त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा मनात काय येतं?" मग कोपऱ्यातला प्रवीण म्हणाला, "मॅडम, मी रात्री कंपनीत असतो आन् दिवसा वर्गात. जाग कवा आली आन् झोप कवा गेली, ह्याचाच पत्ता न्हाई." सगळे हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. पाबळकडचा हा पोरगा, वर्गात सगळ्यांच्या नकला करणारा. त्याला रडताना बघून माझ्या छातीवरचं काहीतरी जरासं सरकलं. वाटलं, म्हणजे हे माझ्या एकटीच्या अंगात भरलेलं नाही.

मॅडमनी त्या दिवशी एक नियम सांगितला. खोलीत बोललेलं खोलीतच राहील. "फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला कॉलेजातल्या एका जबाबदार माणसाला सांगावं लागेल. तेही तुम्हाला विचारून." तो जबाबदार माणूस म्हणजे शेळके सर. विद्यार्थी कल्याणाचं काम त्यांच्याकडं होतं. सफारी घालायचे, खिशाला दोन पेनं, आणि येताजाता दारातून डोकावून म्हणायचे, "काय मॅडम, आज किती जण रडले?"

आमच्यात स्वाती होती. नदीकाठच्या एका गावातल्या बड्या घरातली. वडील, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणायचे, आमच्या कॉलेजच्या संस्थेवर संचालक होते. घरची जीप तिला गेटपर्यंत सोडायची. इस्त्रीचे कपडे, नीट घातलेली वेणी, तिला इथं कशाला घेतलं हेच मला कळेना. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी ती आपण होऊन बोलली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "मला मरून जावंसं वाटतं. रोज वाटतं. घरात कुणी माझ्याशी वाईट वागत न्हाई. कुणी वागतच न्हाई माझ्याशी." तिचं लग्न एका तसल्याच घरात ठरल्यासारखं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याबद्दल तक्रार करायची असते हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मॅडमनी तो दिवस तिच्यासाठी ठेवला. आम्हाला कुणालाच उठू दिलं नाही. मग तिला बाजूला घेऊन बोलल्या, पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवायची सोय केली, आणि तिला विचारून, तिनं मान हलवल्यावर, शेळके सरांना सांगितलं. नियमच होता तो. तिच्या जिवासाठी केलेला.

त्यानंतरचे गुरुवार मला आजही उजेडाचे आठवतात. खोली तीच, वास तोच, रबराचा आणि धुळीचा. आम्ही डबे एकत्र खायला लागलो. मी मामीला सांगून शेंगोळी करून नेली तर स्वाती म्हणाली, "आमच्यात ही गड्यांना करत्यात," आणि मग भांडं बोटानं पुसून खाल्लं. एकदा मॅडम आयुष्याच्या अर्थाबद्दल बोलायला लागल्या तर प्रवीण म्हणाला, "अर्थ म्हंजी अर्थशास्त्रातला का मॅडम? त्यात माझा एटीकेटी हाय." मॅडमसुद्धा हसून लोळल्या. मग म्हणाल्या, "मोठा अर्थ राहू द्या. तुमच्यावाचून ज्याचं अडेल असं एक काहीतरी शोधा. बारीकसंसुद्धा चालेल."

मी शोधलं ते असं. मामाची स्कूटी दारात नुसती उभी असायची, तो बसनं जायचा. मला ती चालवता येत होती. मामीला येत नव्हती, आणि बाजार, दवाखाना, बँक, सगळीकडं ती उन्हातून पायी जायची. मी म्हटलं, "मामी, मी शिकवते तुम्हाला." आधी ती माझ्यावर ओरडली. मग रविवारी दुपारी, यार्ड रिकामा असताना, पदर खोचून आली. कांद्याच्या पाचोळ्यातून मी मागं बसून तिचे खांदे धरायची आणि ती डोळे मिटून ॲक्सिलेटर पिळायची. "मामी, डोळे उघडा!" "उघडले तर भ्या वाटतंय गं!" दोनदा पोत्यांच्या थप्पीला धडकलो. तिसऱ्या रविवारी ती एकटी यार्डाला चक्कर मारून आली, माझ्यासमोर ब्रेक दाबला, आणि हसायला लागली. मामीचे दात मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. त्या संध्याकाळी मी स्वतः उठून केस धुतले. कुणी सांगितलं नव्हतं.

स्वातीचं काम अवघड होतं. तिला वडलांना सांगायचं होतं की मला बीए पुरं करायचंय, बीएड करायचंय, लग्न त्यानंतर. मॅडम म्हणाल्या, इथं सराव कर. प्रवीण आबासाहेब झाला. टॉवेल खांद्यावर टाकून, चटयांच्या ढिगावर मांडी घालून बसला. "काय पायजे?" म्हणून असा खेकसला की आम्ही दचकलो. स्वाती समोर उभी राहिली आणि तिचा आवाजच फुटेना. पुढच्या गुरुवारी पुन्हा. तेव्हाही "आबा" एवढंच निघालं. मग एका दिवशी प्रवीणनं टॉवेल झटकला, "लगीन ठरलंय, शिक्षान बास," म्हणाला, आणि ती एकदम ओरडली, "बास कसं? माझं हाय शिक्षण! मला इचारा की!" लाकडी रायफली भिंतीवरून घसरून पडल्या एवढ्या मोठ्यानं. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिचे गाल लाल झाले होते. म्हणाली, "परीक्षा झाली की सांगणार. खरंच सांगणार."

ती सांगणार होती. मला यात कधी शंका आली नाही, आजही नाही.

मग कॉलेजची तपासणी करायला बाहेरची समिती येणार असं ठरलं. भिंती रंगवल्या, कुंड्या आणल्या, वर्षानुवर्षं बंद असलेली प्रयोगशाळा उघडली. शेळके सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. "तुमच्यातल्या कुणीतरी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे. आधी कसे होतो, आता कसे झालो." कुणीच तयार होईना. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं, असं करता येणार नाही, मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय. सर हसून म्हणाले, "बरं बरं, तुमचा आग्रह." आम्हाला वाटलं, मिटलं.

समितीच्या दिवशी हॉल भरला होता. स्टेजवर पाहुणे, प्राचार्य, आणि संचालक म्हणून आबासाहेब. पाहुण्यांना ओवाळायला मुली निवडल्या होत्या, त्यांत स्वाती होती. ओवाळून झाल्यावर ती ताट घेऊन स्टेजच्या पायरीजवळच उभी राहिली. भाषणं झाली. शेळके सर उपक्रमांची माहिती द्यायला उठले. वृक्षारोपण, रक्तदान, आणि मग म्हणाले, "आमच्याकडं समुपदेशनाचा गट आहे. त्याचं यश काय सांगू? आज आपल्यामध्ये आदरणीय आबासाहेब बसलेले आहेत. त्यांची कन्या, स्वाती, हीच आमची विद्यार्थिनी. काही महिन्यांपूर्वी ही मुलगी आपलं जीवन संपवण्याच्या विचारात होती. रोज तिच्या मनात हा विचार यायचा. आणि आज बघा, हातात ताट घेऊन हसतमुखानं आपलं स्वागत करतेय!" आणि त्यांनी हात करून ती कुठं उभी आहे ते दाखवलं.

हॉलमधली सगळी डोकी तिकडं वळली. माझ्या पुढच्या रांगेतून मृणाल मॅडम उठल्या. "सर, थांबा. सर!" माईकवरून उत्तर आलं, "मॅडमना प्रसिद्धी आवडत नाही, पण श्रेय तर द्यायलाच हवं." समितीतल्या एका बाईंनी कौतुकानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्या हॉलनं वाजवल्या. स्वाती हसतमुख वगैरे काही नव्हती. ती ताट धरून उभी होती, आणि ताटातलं निरांजन विझू नये म्हणून तिनं त्याच्याभोवती हात धरला होता, तो तसाच होता. आबासाहेबांचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली, मांडीवर ठेवली.

शेळके सरांना वाटलं, त्यांनी आबासाहेबांना खूश केलं. मी पुष्कळ वर्षं त्यांना दुष्ट समजत होते. दुष्टपणा असता तर परवडला असता असं आता वाटतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की आपल्याकडं सांगण्यासारखं काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवसापासून स्वाती आली नाही. गुरुवारी खोलीला कुलूप होतं. प्रवीण आणि मी प्राचार्यांकडं गेलो. ते फाईल चाळत म्हणाले, "मुलींच्या डोक्यात भलतंसलतं भरवण्याचे प्रकार इथं चालणार नाहीत. वरून तक्रार आलीय."

प्रवीण म्हणाला, "सर, भरवलं कुणी? स्टेजवर बोललं कोण?"

"तुझी हजेरी किती आहे रे?" प्राचार्यांनी विचारलं. तिथंच ते संपलं.

मॅडम आम्हाला एसटी स्टँडवर भेटल्या. पुण्याची गाडी लागलेली होती. त्यांनी लेखी तक्रार केली होती, कुणी घेतली नव्हती. आबासाहेबांच्या घरी गेल्या तर गड्यानं फाटकातूनच परत पाठवलं होतं. डोळे सुजले होते. "तुम्ही भेटत राहा," म्हणाल्या. "माझ्याशिवायही तुम्हाला जमेल." आम्ही प्रयत्न केला. स्टँडच्या कँटीनमध्ये बसायचो. पण कुणी काही बोलायला तोंड उघडलं की आधी मागं वळून बघायचं. हळूहळू नुसता चहा व्हायला लागला, मग तोही बंद झाला.

मी स्वातीच्या गावाला गेले. मामी म्हणाली, "एकलीनं जायचं न्हाई, मी येते," आणि तिनंच स्कूटी चालवली, नगर रस्त्यावरच्या ट्रकांना शिव्या देत. वाटेत एकदाच बोलली. "त्या मास्तराला कुणी चपलानं का न्हाई हानलं?" स्वातीच्या आईनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा दिला, पोहे दिले. बाई वाईट नव्हती. "पोरीचं लगीन धरलंय," म्हणाली. "उन्हाळ्याच्या आत उरकायचं. लोकं कायबाय बोलाया लागली तर पुढं अवघड हुतं." स्वाती आतून आली, डोक्यावर पदर होता. आई पाणी आणायला उठली तेवढ्यात मी म्हटलं, "तू सांगितलंस का त्यांना? तुझं ते, शिक्षणाचं?"

"सांगितलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी, घरी आल्या आल्या. समदं सांगितलं. आवाज बी फुटला."

"मग?"

"आबा म्हणले, येडी हाय, तिच्या तोंडाला लागू नका." तिनं खाली बघितलं. "सुनंदा, आधी मी निस्ती गप होते. आता मी बोलले की ती येडी बोलती. माझं बोलणं पण काढून घेतलं गं त्यांनी."

आई पाणी घेऊन आली. परत येताना मामीनं एकाही ट्रकला शिवी दिली नाही.

समितीनं कॉलेजला चांगली श्रेणी दिली. अहवालात आमच्या गटाचं खास कौतुक होतं. पेढे वाटले गेले, शेळके सरांचा सत्कार झाला, आणि पुढं ते प्राचार्यही झाले. मॅडमनी तो अभ्यास सोडून दिला असं ऐकलं. प्रवीण आज मजूर पुरवायचं कंत्राट घेतो, दिवाळीला फोन करतो, नकला करतो, आम्ही दोघं हसतो आणि तो विषय काढत नाही. मी बीएस्सी झाले, दौंडला शिक्षिका झाले. आईचं म्हणणं खरं झालं. ते जुनं दुखणं अधूनमधून अजून येतं. मला आता त्याची चाहूल कळते, मी डॉक्टरांकडं जाते, गोळ्या घेते, ते ओसरतं. उठायला मी शिकले ते त्याच खोलीत, हे मी नाकारत नाही. म्हणूनच राग जात नाही. तिथं काहीच मिळालं नसतं तर विसरून गेले असते. माझ्या शाळेत कुणी पोरगी गप्प झालेली दिसली की मी तिच्याजवळ जाते, बसते. ती बोलायला लागली की माझं लक्ष आधी दाराकडं जातं.

गेल्या लग्नसराईत शिरूरच्या एका लग्नात स्वाती भेटली. तिनंच ओळखलं. गळ्यात जाड गंठण, अंग सुटलेलं, केसांना मेंदी. पंचायत समितीवर निवडून आलीय, कारभार मालक बघतात. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, उसाच्या तोडीबद्दल बोललो. मग मी आवाज खाली करून विचारलं, "बरी आहेस का गं?" तिला कळलं मी कशाबद्दल विचारते ते. ती स्टेजवर फोटो काढणाऱ्यांकडं बघत राहिली. "हाय की," म्हणाली. "समदं हाय."

तेवढ्यात तिची मुलगी आली. उंच, आईसारखीच नीट घातलेली वेणी. माझ्या पाया पडली तेव्हा तिचे हात दिसले, नखं मुळापर्यंत कुरतडलेली. यंदाच पुण्याला कॉलेजात घातलीय, स्वाती म्हणाली. मी पोरीचा हात हातात धरला आणि म्हटलं, "कशी आहेस बाळा? पुण्यात करम..."

"एकदम मजेत, मावशी," माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, गोड हसली, हात सोडवून घेतला आणि मैत्रिणींकडं निघून गेली.

स्वाती तिच्या पाठीकडं बघत होती. "चांगली तयार केलीय मी तिला," म्हणाली. "कुणी बी इचारू दे, किती बी मायेनं इचारू दे, तिचं उत्तर ठरल्यालं हाय."